पालेभाजीचें बीं आणि बेणें

भाद्रपदांतल्या ऋषिपंचमीला आपल्या घरांतील वडील बायका बैलाच्या श्रमाचें अन्न खात नाहींत, हें वाचकांना सांगावयास नको. नांगर न लागलेल्या जमिनींतलें, हातानें लावलेलें व हातानें खुडलेलें तेवढेंच त्या दिवशीं पानांत वाढावयाचें. अळूं, माठाचे देठ, अंबाडीचा पाला, पडवळ, सुरण, मक्याचें कणीस असें सारें एका पातेल्यांत शिजतें. पुण्यामुंबईच्या मंडईंत आतां या भाजीचे तयार वाटे विकत मिळतात. ते आणण्यांत गैर कांहीं नाहीं. पण त्या वाट्यांतला माठ कोणाच्या जमिनींतला आणि त्या जमिनीला बैल लागला कीं ट्रॅक्टर, याची चौकशी कोणी करीत नाहीं. ट्रॅक्टरला व्रतांत मज्जाव नाहीं, असें म्हणून आमच्या घरांतील तरुण मंडळी माझी थट्टा करतात, तेव्हां मलाही हसूं आवरत नाहीं.

व्रताचें मूळ काय असेल तें असो. त्याच्या पोटांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती अशी कीं घरामागें चार हात जागा आहे, तींत पालेभाजी आहे, आणि दरवर्षीं त्याच दिवसांत ती पुन्हां तेथें असते. हें ‘पुन्हां’ आपोआप घडत नाहीं. तें कसें घडतें व कोठें चुकतें, याविषयीं अनुभवाच्या चार गोष्टी येथें लिहीत आहें.

हंगाम संपल्यावर पालेभाजी जिवंत राहते ती दोन वाटांनीं. कांहींचा जीव कंदांत, मुळांत किंवा दांड्याच्या पेरांत राहतो. वरचीं पानें गेलीं तरी खालीं धुगधुगी असते. त्यांचें बेणें ठेवावयाचें. दुसऱ्यांचा जीव बियांत जातो. फुलोरा येऊन गेला कीं झाड वाळतें. त्यांचें बीं धरावयाचें. अळूं, मायाळू, पुदिना, शेवगा हे पहिल्या घरचे. माठ, पालक, मेथी, शेपू, चुका, अंबाडी हे दुसऱ्या घरचे. परंतु दोघांचीही स्वयंपाकघराशीं तक्रार एकच आहे. जें उत्तम तें आपण आधीं खातों, आणि पुढच्या वर्षासाठीं त्यांनाही तेंच पाहिजे असतें.

प्रथम अळूं घेऊं. अळवाला ओल प्रिय, म्हणून तें मोरीच्या तोंडाशीं लावण्याची आपली जुनी रीत. हल्लीं न्हाणीच्या पाण्यांतून साबणाबरोबर आणखी काय काय वाहतें तें पाहतां, खावयाच्या अळवाला तें पाणी सोडूं नये असें माझें मत आहे. त्यापेक्षां तांदूळ-डाळी धुतलेलें पाणी चांगलें. पान काढावयाचें तें बाहेरचें, पुरतें उलगडलेलें, देठासकट. मधली सुरळी व तिच्या लगतचीं दोन पानें यांना हात लावूं नये. पाहुणे आले म्हणून एके दिवशीं सगळें झाड ओरबाडलें, तर कंदाला पुढें पोसणार कोण? वडीला काळ्या देठाचें आणि पातळ भाजीला फिकट देठाचें हा भेद सर्वजणी जाणतात. घसा खवखवतो तो पानांतील कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या बारीक स्फटिकांमुळें. यासाठींच चिंच घालावयाची आणि शिजवतांना घाई करावयाची नाहीं.

दिवाळीनंतर थंडी पडली कीं अळवाचीं पानें लहान होऊं लागतात, कडा पिवळ्या पडतात. पुष्कळ घरीं या वेळीं झाड मेलें असें समजून उपटून टाकतात. वास्तविक तें मेलेलें नसतें, निजलेलें असतें. पाणी चालूं ठेवलें तर तें कसेंबसें वर्षभर पानें देतें. पण मला विचाराल तर त्याला निजूं द्यावें. पाणी तोडावें, पानें आपल्या आपण गळूं द्यावीं, आणि माघ-फाल्गुनांत कंद खणून काढावे. मोठ्या कंदाला लहान लहान कंद लगडलेले असतात. आम्ही त्यांना पिल्लें म्हणतों. मऊ पडलेलीं वा किडकीं पिल्लें बाजूला काढून बाकीचीं राखेंत घोळावीं आणि कोरड्या वाळूंत, सावलीच्या जागीं ठेवावीं. अक्षय्यतृतीया होऊन गेल्यावर, मृगाच्या आधीं, कोंब वर करून चार बोटें खोल लावलीं कीं पहिल्या पावसाबरोबर सुरळी वर येते. मोठीं, भरदार पिल्लें उकडून खाण्याचा मोह या वेळीं होतो. तीं लावावीं आणि बारीक राहतील तीं खावीं. उलट करूं नये.

मायाळूचा वेल याहून सोशिक. लाल देठाचा व हिरव्या देठाचा असे दोन प्रकार आपल्याकडे दिसतात. कानडी मुलखांत यालाच बसळे म्हणतात व तिकडे त्याची थोरवी आपल्याहून अधिक. वीत-दीड वीत लांबीचा, तीन-चार पेरांचा जून तुकडा घेऊन खालचीं पानें काढावीं आणि दोन पेरें मातींत जातील असा खोंचावा. ओल राहिली तर पंधरवड्यांत तो धरतो. दिवस लहान झाले कीं वेलाला फुलें येतात आणि मागून काळीं-जांभळीं फळें. त्या दिवसांत पानें लहान व विरळ होतात म्हणून वेल काढून टाकूं नये. फाल्गुनांत तो हातभर उंचीवर छाटला कीं उन्हाळ्याच्या तोंडाला नवे धुमारे येतात. फळांचा रस मुलें शाई म्हणून वापरतात. कपड्यांवर पडला तर मात्र शाईइतकाच छळतो. फळांतलें बीं कठीण असतें, तें रात्रभर भिजवून पेरावें.

पुदिन्याचें फारसें सांगण्यासारखें नाहीं. त्याच्या धांवत्या दांड्यांना जागोजाग मुळें फुटतात. वर्षांतून एकदां जुनें गचपण उपटून तरणे दांडे नव्या मातींत लावले कीं झालें. शेवग्याची मनगटाएवढी जाड फांदी शेंगा संपल्यावर तोडून रोंवली तर ती पावसांत धरते, आणि झाड दरवर्षीं छाटलें तरच कोंवळा पाला हाताच्या अंतरावर राहतो. कोंकणांत गोकुळाष्टमीला या पाल्याची भाजी करतात, ती ज्यांनीं खाल्ली आहे त्यांना शेवगा केवळ शेंगांसाठीं लावावा असें वाटणार नाहीं.

आतां बियाच्या भाज्या. येथें विषय नाजूक होतो, कारण बेणें चुकलें तर डोळ्यांना दिसतें, बियाची चूक दोन-तीन वर्षांनीं कळते.

झाडाला फुलण्याची वेळ कशी कळते, हें कोडें माणसाला पुष्कळ काळ सुटलें नव्हतें. १९२० सालीं अमेरिकेच्या शेतकी खात्यांतील गार्नर व अ‍ॅलर्ड या दोघांनीं तंबाखूच्या एका जातीवर प्रयोग करून दाखविलें कीं पुष्कळ झाडें ही वेळ दिवसाच्या लांबीवरून ओळखतात. पुण्याच्या अक्षांशावर सर्वांत मोठा दिवस सुमारें सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान सुमारें अकरा तासांचा असतो. एवढा फरक झाडाला पुरतो. अंबाडी दिवस आंखूड होण्याची वाट पाहते. म्हणून ती वेळेवर पेरली तर पुरुषभर वाढून फुलते, आणि उशिरां पेरली तर लहान असतांनाच फुलून मोकळी होते. पालकाचें उलट आहे. थंडी सरून दिवस वाढूं लागले कीं त्याच्या मधून दांडा वर येतो. कोथिंबीर उकाड्यानें घाईला येते. अशा वेळीं खत-पाणी वाढवून कांहीं उपयोग होत नाहीं. झाड रुसलेलें नसतें, त्याचें वय झालेलें असतें.

पण एकाच वाफ्यांत, एकाच दिवशीं पेरलेल्या रोपांत देखील कांहीं उतावळीं असतात. माठाचा वाफा पाहा. बाकीचीं रोपें अजून पानांनीं भरत आहेत तोंच दोन-चार रोपांना तुरा येतो. त्यांचा देठ चिवट होतो, पान अरुंद होतें, भाजीला तीं निकामी ठरतात. मग घरांतील कोणीतरी म्हणतें, ‘असूं देत तीं, बियाला होतील.’ आणि तेथेंच घात होतो. जें झाड सर्वांत आधीं फुललें त्याची लेकरेंही आधींच फुलणार. असें चार-पांच वर्षें केलें कीं वाफ्यांतील निम्मा माठ गुडघ्याएवढा होण्यापूर्वींच तुऱ्यावर येतो, आणि आपण म्हणतों, ‘पूर्वीसारखा माठ आतां राहिला नाहीं!’ तो राहिला नाहीं, कारण दरवर्षीं आपण चांगला तेवढा खाल्ला आणि वाईट तेवढा पेरला.

यासाठीं बियाचें झाड आधीं निवडावें आणि तें सर्वांत चांगलें असावें: रुंद पानाचें, रसरशीत देठाचें, आणि सर्वांच्या मागून तुऱ्यावर येणारें. उतावळीं रोपें दिसतांच काढून भाजींत घालावीं. हा नियम पालकाला, शेपूला, कोथिंबिरीला सारखाच लागू आहे. माझ्या सासूबाई बियाच्या झाडाला लाल दोरा बांधीत. दोरा असलेल्या झाडाला विळी लागावयाची नाहीं, मग घरीं पंक्ति का बसली असेना. नव्या सुनेला हें फार जाचक वाटे. ऐन श्रावणांत समोर इतका देखणा माठ उभा असतांना आपण मंडईंत पिशवी घेऊन जावयाचें, याचा अर्थ मला तेव्हां कळत नव्हता.

तो कळला १९७२ सालीं. सासूबाईंच्या या माठाचा देठ अंगठ्याएवढा जाड झाला तरी त्यांत तंतू धरत नसे. त्याचें बीं एका पितळी डबींत, आणि डबी देवघरालगतच्या फडताळांत असे. त्या वर्षीं मृगाच्या दोन सरी बऱ्या पडल्या. सासूबाई धाकट्या वन्संकडे चिपळुणास गेल्या होत्या. वाफा तयार होता, मातीला वास सुटला होता, आणि आपण कांहींतरी करून दाखवावें या उमेदीनें मीं डबींतलें सगळें बीं, डबी हातावर झटकून, वाफ्यांत फोंकून दिलें. रोपें दाट उगवलीं. मग पाऊस गेला तो गेलाच. त्या सालच्या दुष्काळाचें वर्णन ज्यांनीं तो पाहिला त्यांच्यापुढें करावयास नको. आडाचा तळ दिसूं लागला, पिण्याचें पाणी कळशी मोजून घरांत येऊं लागलें. तेथें माठाला कोण घालणार? आठ दिवसांत वाफा करपला.

सासूबाई परत आल्या, त्यांनीं डबी उघडून पाहिली आणि झांकण पुन्हां लावलें. रागें भरल्या असत्या तर मला बरें वाटलें असतें. ‘अगं, मूठभर तरी मागं ठेवायचं होतंस. पाऊस का आपल्या घरचा आहे?’ एवढेंच त्या म्हणाल्या. तो माठ त्यांच्या सासूबाईंकडून आलेला होता, हें मला नंतर दुसऱ्याच कोणाकडून कळलें.

त्या वर्षीं परसांत जें तगलें त्यांत शेवगा होता, आणि वाळूंत राहिलेलीं अळवाचीं थोडीं पिल्लें. पुढच्या वर्षीं मे महिन्यांत वन्सं माहेरपणाला आल्या. त्यांच्या ट्रंकेंत, लुगड्याच्या घडींत, एक पुरचुंडी होती. लग्नांत सासूबाईंनींच त्यांच्याबरोबर दिलेलें बीं चिपळूणच्या तांबड्या मातींत पांच पावसाळे काढून परत आलें होतें. पुरचुंडी माझ्या हातांत देतांना वन्सं म्हणाल्या, ‘वहिनी, निम्मंच पेरा हो!’ त्यांना सर्व ठाऊक होतें. पहिल्या वर्षीं कांहीं रोपें हिरवट निघालीं, कारण त्यांच्या शेजारच्या परसांत हिरवा माठ असे, आणि माठाचे पराग वारा नेतो. सासूबाईंनीं तीं हिरवट रोपें वीतभर असतांनाच वेंचून भाजींत घातलीं. दुसऱ्या वर्षीं तशीं फारच थोडीं उगवलीं, तिसऱ्या वर्षीं एखाद-दुसरें.

तेव्हांपासून आमच्या घरीं तीन वाटण्या होतात. एक पेरावयाची, एक डबींत राखावयाची, आणि एक दुसऱ्याच्या घरीं द्यावयाची. तिसरी वाटणी औदार्यासाठीं नाहीं. आपल्या परसावर संकट आलें तर परत मागावयास एखादें घर असावें, म्हणून ती द्यावयाची.

बियाला झाडें किती ठेवावीं, असें विचारतात. मेथी बहुधा स्वतःच्याच परागानें फळते, त्यामुळें तिचीं चार झाडें ठेवलीं तरी जात टिकते. मसाल्याच्या डब्यांतले मेथीदाणे कार्तिकांत पेरले तरी उगवतात, ही सोय आहेच. माठाचीं निदान दहा-बारा तरी ठेवावीं, आणि लाल व हिरवा एकाच वेळीं शेजारीं फुलूं देऊं नये. पालक हा तर वाऱ्याच्या भरंवशावर फळणारा. आपला देशी पालक हा बीटाचा भाऊबंद आहे, विलायती स्पिनॅचचा नव्हे. त्याचें जें ‘बीं’ आपण पेरतों तो खरोखर दोन-तीन बियांचा गठ्ठा असतो, म्हणून एका ठिकाणीं जोडीनें रोपें निघतात. तीं लहानपणींच विरळ करावीं.

तुरा चुरून पाहिला असतां हातावर काळे चमकदार दाणे पडूं लागले कीं माठ तयार झाला असें समजावें. तुरे कापून जुन्या धोतरावर सावलींत वाळवावे, हातानें मळून सुपांत पाखडावे. दाणा इतका बारीक कीं एका ग्रॅममध्यें हजाराच्या वर बसतात. पंख्याखालीं हें काम करूं नये, एवढें सांगितलें म्हणजे पुरे.

साठवणींत शत्रू दोन, ओल आणि उष्णता. हॅरिंग्टन नांवाच्या अमेरिकन बीजशास्त्रज्ञानें एक ढोबळ नियम सांगितला आहे. बियांतील ओलावा शेंकडा १ नें कमी केला तर त्यांचें आयुष्य सुमारें दुप्पट होतें. साठवणीचें तापमान ५ सेंटिग्रेड अंशांनीं उतरविलें तरीही तसेंच. आपल्या आज्या बीं राखेंत घालून मडक्यांत, घराच्या थंड कोपऱ्यांत ठेवीत, त्यांत या दोन्ही गोष्टी साधत, शिवाय किडीला राख बाधते. आज घट्ट झांकणाच्या कांचेच्या बरणींत तळाशीं कोरडे भाजून थंड केलेले तांदूळ घालून त्यांवर बियांची कागदी पुडी ठेवावी; तांदूळ ओल ओढून घेतात. पुडीवर नांव व साल लिहावें. ‘माझ्या लक्षांत राहील’ असें म्हणणाऱ्या माणसाच्या घरीं शेपूच्या जागीं बडीशेप पेरली गेलेली मीं पाहिली आहे. पेरण्यापूर्वीं वीस दाणे मोजून ओल्या फडक्यांत गुंडाळून ठेवावे. आठवड्यांत निम्म्यांहून कमी उगवले तर बीं म्हातारें झालें, दाट पेरावें व याच वर्षीं नवें धरावें.

विकतच्या पाकिटांविषयीं एक खुलासा अवश्य आहे. पाकिटावर ‘संकरित’ असें छापलेलें असेल तर त्या झाडाचें बीं धरूं नये. तें उगवेल, पण आईसारखें निघणार नाहीं. ‘सुधारित’ किंवा ‘देशी’ वाणाचें बीं खुशाल धरावें. यांत कायद्याची अडचण येईल काय, असें एका सुशिक्षित गृहस्थांनीं मला गंभीरपणें विचारलें होतें. २००१ सालच्या वनस्पति-वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानें शेतकऱ्याला आपल्या शेतांतलें बीं राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा व विकण्याचाही हक्क दिला आहे. संरक्षित वाणाचें बीं छापील नांवानिशीं पाकिटांत घालून मात्र विकतां येत नाहीं. मग आपल्या पुरचुंडीला भय कोठलें?

आणि हें काम केवळ हौशीचें आहे असेंही कोणी समजूं नये. अकोले तालुक्यांतील कोंभाळणे गांवच्या राहीबाई पोपेरे यांनीं गांवरान भाज्या व धान्यें यांचीं वाणें घरीं जमवून, पेरून आणि वाटून राखलीं. त्यांना शाळा लाभली नाहीं. २०२० सालीं त्यांना पद्मश्री जाहीर झाली. वृत्तपत्रांतून त्यांचा फोटो आला त्या दिवशीं मला पितळी डबीची आठवण झाली. आपण शिकलेल्या बायकांनीं असलीं किती वाणें एकेका उमेदीच्या पावसांत उधळून टाकलीं असतील, तो हिशेब कोणी ठेविलेला नाहीं.

आमचें परस आतां राहिलें नाहीं. तेथें गाड्या उभ्या राहतात. धाकटी सून पुण्यास सातव्या मजल्यावर राहते. तिच्या सज्जांत दोन पसरट कुंड्या आहेत, त्यांत यंदां अकरा माठ उभे राहिले. त्यांतले सात तिनें श्रावणापासून खुडून खुडून खाल्ले. शेंडा मोडला कीं बगलेंतून फुटतात, हें तिला सांगावें लागलें नाहीं. चार राखले आहेत. दहा-बारांच्या नियमांत ते बसत नाहींत, तेव्हां डबींतलें थोडें जुनें बीं त्यांच्या बियांत मिसळावयाचें ठरलें आहे. चौघांनाही दोरा बांधला आहे. लाल दोरा घरांत सांपडला नाहीं म्हणून राखीचा बांधला, असें ती म्हणाली.

परवां तिचा फोन आला कीं कबुतरें तुऱ्यांवर बसून दाणे टिपतात, काय करूं? जुन्या मलमलीच्या पिशव्या शिवून तुऱ्यांवर घाल, तोंडाशीं दोरी बांध पण आंवळूं नकोस, आणि तुरा पिवळा पडला कीं पिशवीसकट काप, असें मीं तिला सांगितलें आहे.